प्याला हातात असताना केलेली प्रार्थना

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नाशिकहून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच पुस्तकाविषयी आहेत. शहरातील काही घरोघरच्या प्रार्थनासभांतून सध्या पवित्र शास्त्राच्या जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकाचे वाचन चालू असावे, असे त्यांवरून दिसते. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून ही चार पत्रेच घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांमध्ये काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे जेवणाखाण्याची आणि झोपेचीही वेळ ठरलेली नसते. तेथे प्रार्थनेची वेळ कोठून ठरणार? आमच्या घरी झालेल्या सभेत एका पाहुण्या वक्त्यांनी सांगितले की, जो रोज निदान एक तास गुडघे टेकून प्रार्थना करत नाही, त्याने आपली प्रार्थना ऐकली जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. नंतर मी नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात वाचले की, राजाने प्रश्न विचारल्यावर उत्तर देण्याआधी त्याने देवाची प्रार्थना केली. ती काही क्षणांचीच असणार. मग यंत्रापुढे उभा राहून मी मनातल्या मनात जी प्रार्थना करतो, ती प्रार्थना समजायची की नाही?

उत्तर : बंधू, ती प्रार्थनाच आहे. तासाचा असा नियम पवित्र शास्त्रात कोठेही घातलेला नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना, तुम्हांला माझ्याबरोबर तासभरही जागे राहता आले नाही का, असे विचारले, हे खरे; परंतु तो त्या एका भयंकर रात्रीचा प्रश्न होता आणि त्यावरून विश्वासणाऱ्यांचा हजेरीपट तयार करणे मला योग्य वाटत नाही. आपल्या पाहुण्या वक्त्यांचा हेतू चांगला असेल, पण पाळीवरून थकून आलेल्या माणसाच्या डोक्यावर त्यांनी आणखी एक ओझे ठेवले आहे.

एवढे म्हटल्यावर मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण जे वचन आपल्याला आधाराचे वाटले त्याच्या अलीकडचा अध्याय आपण वाचलेला दिसत नाही. दुसऱ्या अध्यायातली ती प्रार्थना कशी होती ते आधी पाहू. पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा अर्तहशश्त याच्या कारकिर्दीचे ते विसावे वर्ष, म्हणजे इ.स.पू. ४४५ च्या सुमाराचा काळ. शूशन राजवाड्यात नहेम्या हा राजाचा प्यालेबरदार होता. राजाच्या हाती द्राक्षारसाचा प्याला द्यायचा, म्हणजे राजाने ज्याच्या हाती आपला जीव सोपवला अशा विश्वासू सेवकाचे काम. राजाने विचारले की, तुला आजार नाही, मग तुझे तोंड का उतरले आहे? त्यावर नहेम्या स्वतः लिहितो की, मी फार घाबरलो. घाबरण्यासारखेच होते. एस्तेरच्या पुस्तकात सांगितले आहे की, शोकाचे गोणपाट नेसून राजवाड्याच्या दाराच्या आत पाऊल टाकण्याची कोणालाही परवानगी नव्हती. त्यातून नहेम्याला जे मागायचे होते ते तर याहूनही अवघड होते. यरुशलेम नगराची बांधणी थांबवण्याचा हुकूम याच नावाच्या राजाने काढला होता, असे एज्राच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि तो राजा हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याने बांधकाम बंद पाडले, त्याच्याच तोंडून ते सुरू करण्याची परवानगी मिळवायची, आणि तीही शेजारी राणी बसलेली असताना!

राजा म्हणाला, तुझे मागणे काय आहे? पुढचे वाक्य असे की, तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, आणि लगेच त्यापुढचे, मग मी राजाला म्हणालो. या दोन वाक्यांच्या मध्ये एक श्वास घेण्याइतकाच अवकाश असेल. त्या प्रार्थनेचा एकही शब्द नोंदलेला नाही. नहेम्याने गुडघे टेकले नाहीत, हात वर केले नाहीत, आणि राजाच्या नजरेला नजर असताना डोळेही मिटले नसतील. (आपणही चालू यंत्रापुढे डोळे मिटू नका, ही विनंती मी अगदी गंभीरपणे करतो.) जवळ उभ्या असलेल्या कोणाला काही कळलेही नसेल. तरी पवित्र शास्त्राने तिला प्रार्थनाच म्हटले आहे, हे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर.

आता अलीकडच्या अध्यायाकडे वळू. तेथे यहूदी पंचांगातला किस्लेव महिना आहे आणि राजापुढचा हा प्रसंग नीसान महिन्यातला आहे. मध्ये साधारण चार महिने जातात. किस्लेवमध्ये नहेम्याचा भाऊ हनानी यहूदा प्रांतातून आला आणि त्याने सांगितले की, मागे राहिलेले लोक हालात आणि अप्रतिष्ठेत दिवस काढत आहेत, यरुशलेमेचा तट पडलेला आहे आणि वेशी जळून गेल्या आहेत. ते ऐकून नहेम्या खाली बसून रडला, त्याने काही दिवस शोक केला, उपास केला आणि रात्रंदिवस प्रार्थना केली. चार महिने हा मनुष्य एकच विषय घेऊन देवापुढे जात होता, आणि त्याच काळात राजवाड्यातली आपली नोकरीही करत होता, ही गोष्ट आपण विशेष लक्षात घ्या. त्याने रजा काढल्याचे कोठे लिहिलेले नाही. राजाने प्रश्न विचारला त्या क्षणी ओठांशी आलेली प्रार्थना ही या चार महिन्यांच्या प्रार्थनेचे शेवटचे वाक्य होती. विहिरीला पाणी असले म्हणजे पोहरा सोडताच भरून येतो. कोरड्या विहिरीत तो कितीही चपळाईने सोडला तरी खडखडत वर येतो.

या मोठ्या प्रार्थनेची रचनाही आपण सावकाश वाचावी, असे मी सुचवीन. पहिल्या अध्यायातील पाचव्या ते अकराव्या वचनापर्यंत ती आहे, म्हणजे सात वचने, आणि त्यांत स्वतःसाठी केलेली मागणी अगदी शेवटी, अकराव्या वचनाच्या उत्तरार्धात येते. आपण बहुधा उलट करतो. मायना दोन शब्दांचा आणि पुढे मागण्यांची यादी, असा आपला अर्ज असतो. नहेम्या आधी देव कोण आहे हे बोलतो: तो महान आहे, भयावह आहे, आणि दिलेला करार पाळणारा आहे. मग तो पापाची कबुली देतो. मग तो देवाला देवाचेच शब्द आठवून देतो: तुम्ही विश्वासघात केला तर मी तुमची पांगापांग करीन, पण तुम्ही माझ्याकडे वळला तर आकाशाच्या टोकापासूनही तुम्हांला गोळा करीन, असे तू मोशेला सांगितले होतेस. अनुवाद या नावाच्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात हे वचन आहे. नहेम्याला ते पाठ होते, म्हणून रडतानाही त्याला शब्दांची वाण पडली नाही.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. मागणीच्या वाक्यात तो म्हणतो, या मनुष्याची माझ्यावर दया होईल असे कर. हा मनुष्य म्हणजे कोण, हे त्या वाक्यावरून कळतच नाही. त्यापुढच्या छोट्या वाक्यात, मी राजाचा प्यालेबरदार होतो, असे तो सांगतो, तेव्हा आपल्याला उलगडा होतो की, हा मनुष्य म्हणजे अनेक देशांवर सत्ता गाजवणारा सम्राट. दरबारात नहेम्या रीतीप्रमाणे, महाराज चिरायू असोत, असेच म्हणाला; परंतु देवापुढे चार महिने बसून त्याला राजाचे खरे माप कळले होते. कारखान्यातला अधिकारी, बँकेतला साहेब किंवा घरमालक यांच्याविषयी आपण देवाशी बोलू लागलो की, तेही हळूहळू आपल्या दृष्टीने मनुष्य होतात, असा माझाही अनुभव आहे.

त्या चार महिन्यांत त्याने प्रार्थनेच्या जोडीला हिशेबही केला असला पाहिजे. राजाने परत कधी येशील असे विचारताच त्याने मुदत सांगितली. फरात नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांसाठी पत्रे हवीत, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडासाठी पत्र हवे, हे त्याने नावानिशी मागितले. लाकूड कशाकशासाठी लागेल, तेही त्याच्याकडे तयार होते. आपल्याकडे पुष्कळदा असे बोलले जाते की, खरा विश्वास असेल त्याने आखणी करू नये, आत्मा सुचवील तसे करावे. नहेम्या आखणी करतो आणि राजाने ते सारे दिल्यावर लिहितो की, माझ्या देवाचा कृपेचा हात माझ्यावर होता. पुढे शत्रू चालून येण्याची भीती निर्माण झाली तेव्हा, आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला, असे तो एकाच वाक्यात, एका दमात सांगतो. एज्रा हा याजक त्याच्या सुमारे तेरा वर्षे आधी त्याच राज्यातून यरुशलेमेस गेला. राजाकडे स्वारांची सोबत मागायला त्याला संकोच वाटला, म्हणून त्याने उपास केला आणि सोबतीशिवाय वाट धरली. नहेम्याबरोबर राजाने स्वार पाठवले आणि त्याने ते नेले. दोघेही प्रार्थनेची माणसे होती. कोणाचे वागणे अधिक आध्यात्मिक, हा वाद पवित्र शास्त्राने घातलेला नाही आणि आपणही घालू नये.

प्रार्थनेच्या जोडीला हातचे काम असण्याचे एक उदाहरण नाशिककरांना घरचेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसलेल्या शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीत गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला होता, आणि तेथे त्यांना धर्मशिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे कसबही शिकवले जात असे. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा पुढे आफ्रिकेत हिंडणारे मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीतून आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन त्यांच्या झोपडीत बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. त्यांचे हृदय जेथे पुरले त्या झाडाखाली दफनविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली, आणि त्याच झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंदही त्यानेच कोरली. शरणपूर रस्त्याने जाताना मला या मुलाची नेहमी आठवण होते.

आता आपल्या पाळीविषयी. घड्याळाची वेळ ठरवता येत नसेल, तर प्रार्थना वेळेला न बांधता एखाद्या क्रियेला बांधावी: पाळी कोणतीही असो, कामावरून येऊन हातपाय धुतल्यावर आणि जेवणाच्या ताटावर बसण्यापूर्वी दहा मिनिटे. विषय रोज नवा शोधू नका. नहेम्याप्रमाणे एकच ओझे काही महिने घेऊन बसा. आणि एखादे स्तोत्र तोंडपाठ करा, तेविसावे नव्हे, ते आपल्याला येतच असेल. एकशे एकविसावे घ्या, ते जेमतेम आठ वचनांचे आहे. रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास, तुझा रक्षक झोपणार नाही, या ओळीचा अर्थ दिवसपाळीच्या माणसापेक्षा आपल्याला अधिक चांगला कळेल.

प्रश्न : माझ्या मुलाचे दुखणे दोन वर्षे हटत नाही. नाशिक रोडला एका प्रार्थनागटातील लोकांनी मला सांगितले की, हे पूर्वजांच्या पापाचे बंधन आहे. नहेम्याने वाडवडिलांची पापे कबूल केली, तशी मीही सासर-माहेरच्या पूर्वजांची नावे लिहून द्यावी, म्हणजे ते शाप तोडण्याची प्रार्थना करतील. मी नावे द्यावी का?

उत्तर : भगिनी, देऊ नका. पहिल्या अध्यायातील सहावे वचन पुन्हा वाचा. नहेम्या म्हणतो, मी व माझ्या बापाच्या घराण्याने पाप केले आहे. यात ‘मी’ हा शब्द आधी आला आहे. तट पडला तेव्हा, म्हणजे सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी, नहेम्या जन्मलाही नव्हता. तरी तो अपराध्यांच्या रांगेत स्वतः जाऊन उभा राहतो. तुम्हांला जे करायला सांगितले आहे ते नेमके याच्या उलट आहे: मेलेल्यांची नावे काढून दोष त्यांच्या माथी मारायचा. शिवाय नहेम्याच्या प्रार्थनेत शाप तोडणे नाही, नावांची यादी नाही, आणि तिऱ्हाईताने मध्यस्थ होऊन ती वाचून दाखवणेही नाही.

वाडवडिलांच्या पापाचे फळ लेकरांना भोगावे लागते, या समजुतीवर यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट उत्तर दिलेले आहे. इस्राएलात तेव्हा एक म्हण होती की, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. देवाने शपथ घेऊन सांगितले की, ही म्हण यापुढे तुमच्या तोंडी येणार नाही. जो पाप करील तोच मरेल. निफाड-पिंपळगावच्या बागांमधून हिंडलेल्या कोणालाही ही म्हण समजावून सांगावी लागणार नाही. मोसमाआधी तोडलेला घड मी खाल्ला तर दात माझेच आंबतील. आणि शापाविषयी प्रेषित पौलाने गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे की, ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापापासून खंडणी भरून सोडवले. जे एकदा भरले गेले आहे, त्याची पावती पुन्हा पुन्हा मागत फिरण्याचे कारण नाही. मुलाला डॉक्टरांना दाखवत राहा, आणि आपल्या पाळकांना घरी बोलावून त्याच्यावर हात ठेवून साधी प्रार्थना करण्यास सांगा.

नहेम्याच्या ‘आम्ही’चा आपल्याला उपयोग नाही, असे मात्र नव्हे. तो वैयक्तिक दुखण्यासाठी नसून समाजाच्या पापासाठी आहे. सोयरीक जुळवताना आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, अजूनही कुजबुजत विचारली जाणारी जात, आणि मंडळीच्या जमिनींवरून वर्षानुवर्षे चाललेले कोर्टकज्जे, यांविषयी रविवारच्या उपासनेत ‘त्यांनी’ऐवजी ‘आम्ही पाप केले’ अशी प्रार्थना मी फार क्वचित ऐकली आहे. नहेम्याचा तो अध्याय तेथे वाचला जावा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. नहेम्या वारंवार म्हणतो, देवा, मी या लोकांसाठी जे केले त्याचे स्मरण कर. हे स्वतःची टिमकी वाजवणे नाही का? आणि चौथ्या अध्यायात तो शत्रूंसाठी, त्यांच्या पापाची क्षमा करू नको, अशी प्रार्थना करतो. आम्ही अशी प्रार्थना करावी का?

उत्तर : तुझ्या पत्रातला पहिला प्रश्न मलाही तुझ्या वयात पडला होता. पाचव्या अध्यायाच्या शेवटी ही प्रार्थना पहिल्यांदा येते. तेथे नहेम्याने सांगितले आहे की, बारा वर्षे अधिकारी असताना त्याने अधिकाऱ्याच्या हक्काचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच फार बोजा होता. उलट त्याच्या पंक्तीला रोज दीडशे माणसे जेवत असत. याबद्दल त्याने लोकांकडून काहीच मागितले नाही. आपल्याकडे देवळाला एक पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर नाव घालण्याची रीत आहे. ते मनात ठेवून वाचलेस, तर त्याची ही प्रार्थना नम्रपणाची वाटू लागेल. ज्याने आपल्या कामाचा हिशेब देवापाशी ठेवला, त्याला तो चारचौघांत मांडावा लागत नाही. शिवाय तेराव्या अध्यायात, माझे स्मरण कर, याच्या पुढे लगेच, तुझ्या अपार दयेनुसार माझी गय कर, असे तो म्हणतो. ज्याला कृत्यांचा मोबदला हवा आहे, तो गय करण्याची विनंती कशाला करील?

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी सारवासारव करणार नाही. ती प्रार्थना कठोर आहे. तट बांधण्याला विरोध करणाऱ्या सनबल्लट आणि तोबीया यांनी टवाळी केली होती; यांच्या तटावर कोल्हा चढला तरी तो ढासळेल, असे तोबीया म्हणाला होता, आणि ते अपमानाचे विष नहेम्या जसेच्या तसे देवापुढे ओततो. पण तेथे ओतून झाल्यावर त्याने काय केले, हे पाहा. त्याने उलट निरोप पाठवला नाही, माणसे पाठवली नाहीत. पुढचेच वाक्य आहे की, आम्ही तट बांधत गेलो. बावन्न दिवसांत तो पुरा झाला. प्रभू येशूने वैऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे, त्यामुळे नहेम्याचे शब्द आपण उचलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मनात तोच राग असताना तोंडाने गोड प्रार्थना म्हणण्यापेक्षा, हा राग माझ्यात आहे, तो तू घे, असे देवाला खरेखरे सांगणे बरे. भ्रमणध्वनीवर उत्तर लिहिण्याआधी ते सांगावे, नंतर नव्हे.

प्रश्न : नहेम्याने किती दिवस उपास केला? मी देवळालीला राहतो, वय एकाहत्तर, मला मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. आमच्या मंडळीत तीन दिवसांचा उपास ठरला आहे.

उत्तर : काका, तेथे फक्त ‘काही दिवस’ असे म्हटले आहे, आकडा दिलेला नाही. इन्सुलिन घेत असताना न जेवता राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी घसरून जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय उपास धरू नका आणि इन्सुलिनही आपल्या मनाने बंद करू नका. तिन्ही दिवस प्रार्थनेला अवश्य जा, वेळच्या वेळी जेवून जा, आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. कोणी टोकले, तर हा अंक त्यांना वाचायला द्या.